वराळ्याचा बोलका रविवार

रेडिओचा विषय निघाला की माणसं थेट गाण्यांवर जातात. बिनाका गीतमाला, आपली आवड, रात्रीचं बेला के फूल. गाणी सगळ्या देशानं सारखीच ऐकली, म्हणून त्यांच्या आठवणीही एका साच्यातल्या निघतात. आमच्या वराळ्याच्या घरातली भावंडं दिवाळीला जमली की वाद पेटतो तो मात्र रेडिओवरच्या बोलण्यावरून. संस्कृत बातम्या लागायच्या तेव्हा चहा झालेला असायचा की नाही? नाटक दुपारचं की रात्रीचं? शेतीवाला कार्यक्रम रविवारीही असायचा का? आत्या वयानं मोठी, तेव्हा तिचं खरं धरायचं असा घरचा शिरस्ता. दादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, तो शिरस्ता मानत नाही. तो अजून वराळ्यातच राहतो, उरलंसुरलं खाचर कसतो, आणि रेडिओचा कोनाडा आपल्या वाटणीत आला एवढ्या भांडवलावर या विषयातला शेवटचा शब्द आपला समजतो.

वराळे हे तळेगाव दाभाडे स्टेशनाच्या अंगाचं गाव. शिवाराला लागून इंद्रायणी वाहते, समोर भंडाऱ्याचा डोंगर दिसतो. आज तिथं कॉलेजं आहेत, वसतिगृहं आहेत, आंबीकडच्या एमआयडीसीत जाणारे कंटेनर आहेत. आमच्या लहानपणी आषाढात घराबाहेर पाऊल टाकलं की चिखल आणि भात, एवढंच होतं. तात्या, माझे चुलते, पिंपरीच्या कारखान्यात कामाला. ते शटलनं जायचे, शटलनं यायचे. एका दिवाळीच्या बोनसातून त्यांनी पुण्याहून तीन बँडचा ट्रान्झिस्टर आणला. त्याला तपकिरी चामड्याचं कव्हर होतं, पुढं भोकंभोकं, वर खांद्याला अडकवायचा पट्टा. तो पट्टा कधी कुणाच्या खांद्याला लागला नाही. रेडिओ ओसरीवरच्या कोनाड्यात बसला तो बसला. त्याच्या शेजारी लायसनची पुस्तिका. तळेगावच्या पोस्टात वर्षाचे १५ रुपये भरून तीत तिकिटं चिकटवून आणायची. सरकारी परवान्याशिवाय ऐकणंही गुन्हा होता, हे आमच्या मुलांना सांगितलं तर ती आमच्याकडे बघून हसतात.

सेल हा घरातला मोठा कळीचा विषय. चार मोठे सेल लागायचे. ते उतरले की आवाज आधी घोगरा व्हायचा, मग बोलणारा माणूस विहिरीत उतरत चालल्यासारखा वाटायचा. असे सेल आजी पत्र्यावर उन्हात वाळत घालायची, सांडग्यांच्या शेजारी. संध्याकाळपर्यंत त्यांच्यात अर्ध्या तासाचा जीव यायचा. त्या अर्ध्या तासात काय ऐकायचं याचा निवाडा घरातल्या वडीलधाऱ्या आबांकडे. आणि आबा गाणी ऐकत नसत. गाणं सुरू झालं की म्हणायचे, "बंद करा, सेल जळतोय."

आता लक्षात येतं, आमचं सगळं ऐकणं या एका वाक्यानं ठरवलं. सेल जळायचा तो बातम्यांसाठी, भाषणासाठी, हवामानासाठी, नाटकासाठी, क्रिकेटसाठी. आठवड्याचे सहा दिवस ज्याच्या त्याच्या धांदलीत जायचे. रविवारी तात्या घरी, मुलं घरी, ओसरी भरलेली. मग दिवसभर कुणी ना कुणी बोलतच असायचं, आणि ते बोलणं ज्याच्यासाठी असेल त्यानं एकट्यानं ऐकावं अशी सोय नव्हती. ओसरी एक, रेडिओ एक. मुलांचा कार्यक्रम आजीनं ऐकला, शेतकऱ्यांचा आत्यानं, आणि परराष्ट्र धोरणावरचं भाषण आम्ही पोरांनी, पाटीवर चित्रं काढता काढता. कुणालाच विचारलं नव्हतं तुला काय आवडतं म्हणून.

*

रविवारची सुरुवात आकाशवाणीच्या त्या ओळखीच्या धूनपासून. व्हायोलिनचे ते सूर वॉल्टर कॉफमन नावाच्या एका परदेशी संगीतकारानं बांधले. ज्यू म्हणून युरोपातून जीव वाचवून मुंबईला आलेला माणूस. हे मला फार उशिरा, कुठंतरी वाचून कळलं. आजीच्या लेखी ती धून म्हणजे देवळाच्या काकड्याइतकीच आपली. धून झाली की वंदे मातरम्, मग मंगलवाद्य, मग चिंतनाची पाच मिनिटं. सातच्या आसपास संस्कृत बातम्या. दिल्लीहून त्या १९७४ साली सुरू झाल्या, आणि 'इयम् आकाशवाणी' हे शब्द आले की आबा मांडी मोडून ताठ बसायचे. संस्कृतचं अक्षर त्यांना येत नव्हतं. मधूनच 'प्रधानमन्त्री' किंवा 'पाकिस्तान' असा एखादा शब्द हाती लागला की मान डोलवायचे. आम्हाला हसू यायचं. आज वाटतं, कळत नसलेल्या गोष्टीसमोरही नीट बसावं हे आम्ही कुठल्या शाळेत शिकलो नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज आमच्या घरात इतका मुरला होता की त्या सुट्टीवर असल्या तर आजी विचारायची, "बाईंना बरं नाही का?" साडेआठला दिल्लीच्या मराठी बातम्या, त्यात दत्ता कुलकर्णी. पुण्याच्या बातम्यांत धरणं, साखर कारखाने, विद्यापीठ. दिल्लीच्या बातम्यांत लोकसभा आणि परदेशचे पाहुणे. या बातम्या चालू असतानाच तात्यांची दाढी. कोनाड्याच्या खुंटीला आरसा टांगून, गालाला साबण लावून ते उभे राहायचे आणि महत्त्वाची बातमी आली की वस्तरा हवेत थांबायचा. बातमी किती मोठी, हे आम्ही वस्तरा किती वेळ थांबला त्यावरून ओळखायचो.

हवामानावर मात्र घराचा कायमचा राग. 'कोकणात बहुतेक ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी.' आमचा तालुका कागदावर मध्य महाराष्ट्रात, पाऊस मात्र अर्धा कोकणातला. लोणावळ्याला धो धो कोसळत असतो, वडगावला रपरप आणि इंदोरीकडे नुसती भुरभुर. एका तालुक्यात तीन पावसाळे. आजी विचारायची, "आपण यांच्या कुठल्या ठिकाणात?" याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. आभाळ बघायला ती अंगणात जायचीच. पण अंदाज संपेपर्यंत थांबून मग जायची.

*

मुलांचा कार्यक्रम 'बालोद्यान'. यावर खरी मालकी आत्याची, कारण तिनं तो गोपीनाथ तळवलकरांच्या काळात ऐकला होता. 'आनंद' मासिकाचे संपादक असलेले तळवलकर मुलांचे 'नाना' होऊन बोलायचे. सई परांजपे यांचीही सुरुवात पुणे केंद्रावरची, मुलांच्या कार्यक्रमांतूनच. तेव्हा आमच्या घरी रेडिओ नव्हता. आत्या शेजारच्या आळीत एका मास्तरांच्या खिडकीखाली उभी राहून ऐकायची. मास्तरीणबाई चांगल्या होत्या. त्या खिडकी उघडी ठेवायच्या, पण आत बोलावत नसत. आत्या हे सांगताना अजून ते 'पण' दाबून उच्चारते.

आम्ही ऐकायला लागलो तोवर कोनाडा आमचाच होता, त्यामुळे आम्हाला किंमत कमी. दादाला तर बालोद्यान पोरकट वाटायचं. रविवारी बारा वाजता त्याला विविध भारतीवरची बोर्नव्हिटा क्विझ लावायची असे. सगळी इंग्रजीतून. आधी हमीद सयानी, ते गेल्यावर त्यांचे भाऊ अमीन. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांतली मुलं फाडफाड उत्तरं द्यायची. आमचा दादा मराठी शाळेत सातवीला. प्रश्न अर्धा समजायच्या आत उत्तर होऊन जायचं. तरी तो दर रविवारी वही-पेन्सिल घेऊन बसायचा आणि कानाला जसं ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून काढायचा. ती वही मी पाहिली आहे. तिच्यात 'नेपोलियन बोनापार्ट' आहे आणि त्याच्याखाली, बहुधा आणखी कुठल्यातरी सेनापतीचं, 'वेलिंग टन' असं दोन शब्दांत नाव आहे. आबांनी कधी म्हटलं नाही की सेल जळतोय. पोरगं लिहितंय म्हटल्यावर क्विझ भाषणाच्याच खात्यात जमा.

कसोटी सामना असला की क्विझ, बालोद्यान सगळं बाद. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की ओसरीवर शेजारचेही येऊन बसायचे. मधे इंग्रजी आणि हिंदी यायचं. इंग्रजी सुरू झालं की आई उठून आमटीकडे बघून यायची, मराठी सुरू झालं की परत उंबऱ्यावर. तिनं आयुष्यात क्रिकेटचं मैदान पाहिलं नव्हतं. पण 'मिडविकेटचा क्षेत्ररक्षक मागे गेला' म्हटल्यावर तो कुठून कुठं गेला हे तिला बरोबर कळायचं, कारण पंडित आधी मैदान आखून द्यायचे: पॅव्हेलियन कुठं, वारा कुठून, गोलंदाज कुठल्या टोकाकडून. पुढं टीव्हीवर सामना बघताना ती म्हणाली, "यात काही सांगतच नाहीत." मला ते तिचं म्हणणं अजून पटतं. डोळ्यांना दिसतं म्हणून टीव्हीवाला गप्प बसतो आणि नवख्या माणसाला काही म्हणता काही कळत नाही.

*

सगळं बोलणं असं रसाळ होतं, असं मात्र कुणी समजू नये. निम्मं तरी रटाळ होतं. रेडिओवर भाषण करायचं म्हणजे ते आधी लिहून द्यायचं, मंजूर व्हायचं आणि मग कागदावरून वाचायचं, ठरलेल्या मिनिटांत. प्राध्यापक मंडळी वाचायची ती अशी, की पान उलटल्याचं आम्हाला ओसरीवर ऐकू यायचं. 'लोकसंख्येचा प्रश्न आणि आपण', 'अल्पबचतीचे महत्त्व'. अशा भाषणाला तात्या 'आणि आपण' म्हणायचे. "आज काय आहे?" "आणि आपण." मग ते पेपर उघडायचे. परिसंवादात तिघं बोलायचे आणि तिघांचं एकमत व्हायचं. भांडण ऐकायचं असेल तर आमच्या गावच्या चावडीवर जावं लागे.

पण त्याच रेडिओवर माणसं घरात बसून बोलल्यासारखंही बोलली. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावोजी, मीना वहिनी आणि पंत, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, हे तिघं आमच्या पाहुण्यांत मोडायचे. मुंबई केंद्र आमच्याकडे कधी स्वच्छ लागायचं, कधी नाही. नाटकातल्या ऐन मोक्याच्या वाक्याला खरखर आली की आबा म्हणायचे, "गाडी गेली." पुणे-मुंबई लोहमार्गावर विजेची गाडी १९३० च्या आधीपासून धावते आणि तिच्या ठिणग्या रेडिओत येतात, असा त्यांचा सिद्धांत. खरं-खोटं रेडिओ जाणे. वळवाच्या दिवसांत वीज चमकली की खरखर व्हायची हे नक्की. आधी रेडिओत कडकडायचं, मग आभाळात.

नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम म्हणून एक भानगड होती. महिन्यातून एकदा, एकच नाटक, एकाच रात्री, देशभरच्या केंद्रांवरून आपापल्या भाषेत. बंगालीतलं नाटक आम्ही मराठीत ऐकतोय त्याच वेळी मद्रासला ते तमिळमध्ये चालू आहे, या कल्पनेनं मला फार मजा वाटायची. दादा छातीठोकपणे सांगतो की हे रविवारी असायचं. ते गुरुवारी असायचं, साडेनऊला. पण दादाच्या आठवणीत जे जे चांगलं, ते ते रविवारी सरकलंय, आणि त्याला त्याबद्दल बोलून उपयोग नाही.

एक प्रसंग मात्र कुणीच सरकवत नाही. तात्यांनी पुणे केंद्राला पोस्टकार्ड लिहिलं होतं, कुठल्याशा श्रुतिकेबद्दल. दोनच ओळी: नाटक आवडलं, म्हाताऱ्याचं काम करणाऱ्यानं खोकला फार छान काढला. बरेच आठवडे काहीच झालं नाही. मग पत्रोत्तराच्या कार्यक्रमात एक दिवस निवेदिका म्हणाली, 'वराळे, तालुका मावळ, येथून...' पुढचं आम्हाला ऐकूच आलं नाही, कारण सगळे एकदम ओरडले. काकू चुलीपुढून पीठ भरलेल्या हातांनी धावत आली. आजीनं विचारलं, "कोण गेलं?" रेडिओवर आपलं नाव घेतात म्हणजे कुणीतरी वारलं, एवढंच तिला ठाऊक होतं. तात्या बिचारे 'गप्प, गप्प' करत राहिले आणि उत्तर काय मिळालं हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शटलमध्ये त्यांना चार जणांनी विचारलं. तेवढ्यावर तात्यांचा आठवडा निघाला.

*

संध्याकाळचा रेडिओ आबांचा. गुरं बांधून झाली की 'माझे घर माझे शेत'. बाजारभाव, मग कुणाशी तरी बातचीत. यात आबांचं मूळ जुनं होतं. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. आसपासच्या पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली, गावागावात वीसेक माणसांची मंडळं केली, आणि फेब्रुवारी ते एप्रिल आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लावला. असे वीस कार्यक्रम झाले. ऐकून उठून जायचं नाही. तिथंच बसून चर्चा करायची, प्रश्न काढायचे आणि ते केंद्राकडे पाठवायचे. केंद्र पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं द्यायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लोकांनी त्याची पाहणी केली, आणि मंडळं असलेल्या गावांतली माणसं इतरांपेक्षा बरंच जास्त शिकली असं तिच्यात दिसलं. पुढं १९५९ पासून हे देशभर नेलं.

आबांनी असं मंडळ एका पाहुण्यांच्या गावी पाहिलं. पंचायतीचा रेडिओ पाराशी ठेवलेला, समोर माणसं, कंदील. त्यांना रेडिओचं अप्रूप नव्हतं. अप्रूप होतं ते त्यानंतरच्या गोष्टीचं. ते सांगायचे, "रेडिओ बंद झाला आन् एक महाराचा गडी उठून पाटलाला म्हणाला, तुमचं चुकतंय. पाटील ऐकून घेत होता." एवढंच सांगून ते थांबायचे. पुढं काय झालं विचारलं तर म्हणायचे, "पुढं काय, ज्याचा तो घरी गेला." आमच्या ओसरीवर शेतीचा कार्यक्रम संपला की ते रेडिओ बंद करून पाच मिनिटं 'हं, बोला' म्हणून सगळ्यांकडे बघायचे, ते त्या पाराचं शिक्षण. आम्हाला बोलण्यासारखं काही नसायचं. मग आत्याच काहीतरी विचारायची. ती पोळपाटाशी असायची, पण तिचं लक्ष असायचं.

पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकरांनी अनेक वर्षं नोकरी केली. त्या कार्यक्रमांतला माणूस आपल्यासारखा बोलायचा, याचं श्रेय अशा माणसांना द्यायला हवं. तंजावरकडे एडीटी-२७ नावाच्या भाताला शेतकरी 'रेडिओ भात' म्हणायचे, कारण त्याची शिफारस त्यांनी रेडिओवर ऐकली होती. आमच्याकडे भाताला तसं नाव पडलं नाही. पण आंबेमोहोरावर जीव असलेल्या आबांनी आयआर-८ चा एक वाफा लावून बघितला तो रेडिओ ऐकूनच. तो भात उदंड आला आणि घरात कुणी खाईना. जाडाभरडा, वास नाही. "पोट भरंल, जेवण न्हाई," आजीचा निकाल. पुढं वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं याच दोघांच्या संकरातून 'इंद्रायणी' काढला, आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८ चा उतारा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो आला तेव्हा आबा नव्हते. आज मावळ म्हटलं की लोकांना इंद्रायणी तांदूळ आठवतो.

*

रात्रीचा रेडिओ मोठ्यांचा होता, आणि आणीबाणीत तो हळू आवाजाचा झाला. २६ जून १९७५ ला सकाळी इंदिरा गांधी आकाशवाणीवर बोलल्या. त्यानंतर बातम्या वाचणारे आवाज तेच राहिले, पण बातम्यांतून माणसं गायब झाली. कालपर्यंत ज्यांची नावं यायची ती येईनात. वीसकलमी कार्यक्रम मात्र रोज. लोक तेव्हा 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणायचे. तात्या रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसीची हिंदी सेवा लावायचे, कान कव्हरच्या भोकांना टेकवून. आम्हा पोरांना बजावलेलं होतं, शाळेत बोलायचं नाही. त्यामुळे आम्ही काहीच ऐकलं नसताना फार काही ऐकल्यासारखे वागायचो.

मग २० मार्च १९७७. रविवार. लोकसभेची मतमोजणी. त्या दिवशी सेल नवे होते, चारही. दुपारपासून दक्षिणेतून काँग्रेसच्या विजयाच्या बातम्या येत होत्या, आणि उत्तरेचं नाव निघालं की तपशील आखडायचा. ओसरीवर माणसं वाढत गेली. कुणी भुईमुगाच्या शेंगा आणल्या. आबा म्हणाले, "उत्तरेचं सांगत न्हाईत म्हंजे उत्तर गेली." हे मी अनेकदा इतरांच्या तोंडून, पुण्याचं, नागपूरचं म्हणूनही ऐकलंय. त्या रात्री देशातल्या प्रत्येक ओसरीवर कुणीतरी हे वाक्य बोललं असणार. दोन वर्षं सगळ्यांनी मुख्यतः न सांगितलेलंच ऐकायचा सराव केला होता.

आम्हाला झोपायला पाठवलं. कुणी झोपलं नाही. इंदिरा गांधींच्या रायबरेलीचा निकाल मध्यरात्र उलटून गेल्यावर आला, राजनारायण पन्नास हजारांहून जास्त मतांनी निवडून आल्याचा. आरडाओरडा झाला नाही, हे मला आठवतं. तात्यांनी रेडिओ बंद केला आणि खूप वेळ तसेच उभे राहिले. आई म्हणाली, "आता जेवून घ्या." एवढ्या रात्री सगळे पिठलं-भाकरी जेवले. आत्याच्या मते भात होता. त्याच वर्षी नव्या सरकारनं प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली. आकाशवाणीच्या बातम्या कशा वळवल्या जात, हे तीत छापून आलं. आमच्या घरी ती कुणी वाचली नाही. ती आम्ही कानांनी आधीच वाचलेली होती.

*

टीव्हीनं हे सगळं एका रात्रीत मोडलं नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ ला आलं आणि १९७३ पासून सिंहगडावरून पुण्याकडे दिसू लागलं. वराळ्यात पहिला टीव्ही आला तो कुणाच्या तरी माडीवर, उंच बांबूला अँटेना बांधून. संध्याकाळचा रविवार आधी गेला, चित्रपटामुळे. सकाळचा रविवार बरीच वर्षं टिकला. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं आणि तोही गेला. साडेनऊला रस्ते ओस. टीव्हीला नमस्कार करून बसणाऱ्या बायकांत आमची आजीही होती. कोनाड्यातला रेडिओ तेव्हा चालू स्थितीत होता, पण कुणी सेल आणले नाहीत. लायसनची कटकटही तोवर सरकारनं रद्द केली होती. ऐकणं फुकट झालं तेव्हा ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

२०२३ साली पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग हलवायचा आदेश निघाला. बरीच ओरड झाली आणि तो थांबवला गेला. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही दोन दिवस संताप होता. मी विचारलं, शेवटचं कधी ऐकलंत? आत्या सोडून कुणीच उत्तर दिलं नाही. ती चिंचवडच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी ऐकते, आता मोबाइलवर. मध्यम लहरीच्या ७९२ ची खरखर नाही म्हणून तिला ते जरा खोटं वाटतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता 'मन की बात' असते. तीही ती ऐकते, मग भाजी चिरता चिरता त्यावर आपलं मत मोठ्यानं सांगते. समोर कुणी नसलं तरी. आबांचं ते 'हं, बोला' आमच्यापैकी फक्त तिच्या अंगात उतरलं.

गेल्या दिवाळीला आम्ही वराळ्याला जमलो होतो. दादाचं खाचर कापणीला आलेलं. आत्या बांधावरून चालताना थांबली आणि काठी दाखवून म्हणाली, "ह्या पांढऱ्या लोंब्या बघ. भरल्या नाहीत. खोडकिडा आहे तुझ्या भातात. कापणी पार जमिनीलगत कर, धसकटं ठेवू नकोस, आत अळी राहते." लग्न होऊन ती शहरात गेली त्याला पन्नास वर्षं होत आली. खाचरात ती कधी उतरलेली नाही. दादा म्हणाला, "आत्या, तुला गं कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "मी भाकऱ्या थापत होते, कानात बोळे घालून नव्हते बसले." दादा कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी मजुरांना त्यानं विळा खाली धरायला लावला. खाली वाकून कापायचं म्हणून त्यांनी मजुरी वाढवून घेतली. ती आपण आत्याकडून वसूल करणार आहोत, असं तो परवा फोनवर सांगत होता.